कवी कोणत्या धुऱ्यावर उभा होता?

जुलैचा पहिला आठवडा. दर्यापूरकडच्या काळ्या रानातून चालत आलेल्या आठवीच्या पोरांनी चपला वर्गाच्या दाराशी काढल्या होत्या आणि एकेका चपलेच्या तळाला भाकरीएवढा चिखल होता. पूर्णेच्या खोऱ्यातली ही माती ज्यांनी पावसात तुडवली आहे त्यांना ठाऊक आहे: दहा पावलांत पाय दुप्पट जड होतो, आणि मग माणूस चपला हातात घेऊनच चालतो. मी फळ्यावर लिहिलं, 'पावसाळ्यातला एक दिवस'. तास संपल्यावर वह्या घरी नेल्या, रात्री वाचल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत मोर पिसारा फुलवून नाचत होता. कागदाच्या होड्या वाहत होत्या. आई गरमागरम भजी तळत होती. इंद्रधनुष्य सप्तरंगांची उधळण करत होतं. चिखल एकाही वहीत नव्हता.

मोर आमच्या भागात आहेत. पण ही पोरं आपल्या वावरातल्या मोराबद्दल लिहीत नव्हती. निबंधाच्या पुस्तकातल्या मोराबद्दल लिहीत होती. त्या पुस्तकातला पाऊस पुण्यात पडतो तसाच अकोल्यात पडतो, तसाच चिखलदऱ्याला पडतो. दोष पोरांचा नव्हता, माझा होता. इतकी वर्षं मी 'वर्णन करा' एवढंच सांगत आले होते. वर्णनाची आखणी कशी करायची, आधी काय दाखवायचं, काय झाकून ठेवायचं, माणूस कधी आणायचा, हे एकदाही दाखवलं नव्हतं. घर बांधताना गवंडी आधी चुन्याची फक्की टाकून आखतो. मी मुलांच्या हाती थेट विटा देत होते, आणि त्या विटा म्हणजे विशेषणं.

ती आखणी मला सापडली एका कवितेत. कॉलेजात असल्यापासून ती मला तोंडपाठ होती आणि तरीही मी ती नीट वाचलेली नव्हती. विठ्ठल वाघ यांची 'तिफन'. वाघ अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातल्या हिंगणीचे, जन्म १९४५चा. १९८१च्या 'अरे संसार संसार' या चित्रपटात हे गीत आलं आणि ज्यांनी तिफण कधी डोळ्यांनी पाहिली नाही त्यांच्याही ओठांवर गेलं. त्याचा ठेका असा धरून ठेवतो की शब्द कानावरून नुसते घसरत जातात. म्हणून वर्गात मी पहिलं काम केलं ते चाल काढून टाकण्याचं. कविता सावकाश, गद्यासारखी वाचली. पोरं नाराज झाली, त्यांना गायची होती. मग एकच प्रश्न विचारला: कवी कुठं उभा आहे?

"धुऱ्यावर," पहिलं उत्तर आलं, म्हणजे शेताच्या बांधावर. कुणी म्हणालं झाडाखाली, कुणी म्हणालं तिफणीच्या मागं. वाद पेटला. शेवटी मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. "मॅडम, धुऱ्यावरून ढग दिसन, बैल दिसन. पन काटा कसा दिसन? काटा पाह्याले जवय जा लागते."

मला वाटतं, या कवितेवरची मी ऐकलेली सगळ्यांत चांगली टीका ती हीच. कविता सुरू होते तेव्हा नजर लांब असते. काळं रान, त्यात चालणारी तिफण, वर आभाळ. वीज, ढग. मग माणसं दिसू लागतात, आधी बैलजोडी हाकणारा तो, मग त्याच्या सोबतीनं चालणारी ती. मग माती अंगाजवळ येते, तिचा वास येतो. मग झाडाला टांगलेली झोळी आणि तिच्यातलं लेकरू. आणि अगदी शेवटाकडं, जिथं नजर पार जमिनीला टेकली आहे तिथं, पायात रुतलेला काटा. कवी धुऱ्यावरून निघून वावरात उतरला आहे. कुणी आपल्याला हात धरून आत नेत आहे हे वाचणाऱ्याला कळतही नाही. आभाळापासून तळपायापर्यंतचा हा उतार म्हणजेच या कवितेची फक्की.

फळ्यावर मी तिफण काढली, वाईट काढली, पोरांनी सुधारून दिली. तीन फण, तीन नळ्या आणि वर एक चाडं. चाड्यात मुठीनं बी सोडायचं, ते तीन नळ्यांतून तीन तासांत, म्हणजे जमिनीतल्या तीन ओळींत, पडतं. मग एका मुलीनं सुचवलं की वर्णनाचेही तीन तास करू: एकात डोळ्यांना दिसतं ते, दुसऱ्यात कानाला ऐकू येतं ते, तिसऱ्यात अंगाला लागतं आणि नाकाला जाणवतं ते. कविता पुन्हा वाचून आम्ही तीन रकाने भरले. पहिला आणि दुसरा भराभर भरले. तिसऱ्यात मातीचा वास आला. त्याला कवीनं कस्तुरीची उपमा दिली आहे. ही पेरणी मृगातली. मृग म्हणजे हरीण, आणि कस्तुरी हरणाच्याच नाभीतली. कवीच्या मनात हे असो वा नसो, मृगाच्या पहिल्या सरीत मातीला कस्तुरीचा वास यावा यात एक आतला जोड आहे, आणि तो वर्गात उलगडला तेव्हा दोन-तीन पोरांचे डोळे असे मोठे झाले की तो तास मी विसरणार नाही.

त्यानंतर आम्ही विजेपाशी थांबलो, आणि जवळजवळ पूर्ण तास तिथंच राहिलो. वाघांची वीज नाचते आणि ढग ढोल वाजवतात. आता वऱ्हाडातली वीज काय चीज आहे हे या पोरांना शिकवायला नको. दर पावसाळ्याच्या तोंडाशी वावरात काम करणाऱ्या कुणावर तरी वीज पडल्याची बातमी येते. वर्गातल्या एकीच्या गावात बैल गेला होता. मी विचारलं, "मग कवीला हे ठाऊक नसेल?" ठाऊक असणारच. वीज तीच असते, कवी तिच्यासाठी क्रियापद निवडतो. ती कडाडली असती तर सगळं वावर दबकून बसलं असतं. ती नाचते म्हणून पेरणीचं लग्न होतं, ढोल आपोआप येतो. आम्ही खेळ केला: वाक्य तेच, क्रियापद बदलायचं. वीज चिरकली. वीज आभाळात लपली. वीज वावरभर हिंडली, कुणाला तरी शोधत असल्यासारखी. हे शेवटचं एका अबोल पोराचं. ते वाचलं आणि वर्ग गप्प झाला.

वातावरण म्हणजे हवामान नव्हे, हे त्या दिवशी पोरांना समजलं. पाऊस, ऊन, अंधार हे हवामान. पेरणाऱ्या बापाला आज आनंद आहे की धास्ती, हे वातावरण. म्हणून आखणीत सगळ्यांत वर एक ओळ लिहायची असं ठरलं: वाचणाऱ्याला काय वाटलं पाहिजे? ही ओळ नंतर खोडायची, निबंधात ती दिसता कामा नये. पण ती आधी लिहिल्याशिवाय पहिलं क्रियापद निवडताच येत नाही.

आता माणसं. कवितेतल्या पुरुषाला कवीनं शंकराचं नाव दिलं आहे, बाईला पार्वतीचं, बैलांना नंदीचं. मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीच्या यात्रेला जाणाऱ्या, महादेवाची गाणी ऐकत वाढलेल्या पोरांना हे परकं नव्हतं. 'कवीने शेतकरी दांपत्याला दैवी रूप दिले आहे,' असं छापील उत्तर एकानं म्हणूनही दाखवलं. तेवढ्यात दुसरा बोलला, "मॅडम, महादेवाले कर्ज नसते ना पन."

यावर मी पटकन काही बोलू शकले नाही. ज्या जिल्ह्यांत शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आतल्या पानावर गेली आहे, तिथल्या वर्गात हा प्रश्न आला. कष्टकऱ्याला देव म्हटलं की त्याचं दुखणं झाकलं जातं का? मला हा आक्षेप खरा वाटतो, आणि केवळ देवांच्या नावांवर ही कविता उभी असती तर मी तिला दुय्यमच म्हटलं असतं. तिला वाचवतो तो काटा. देवाच्या पायात काटा रुतत नाही, रक्त सांडत नाही. इथं सांडतं. काळ्या मातीवर लाल, आणि त्या लालातून हिरव्याचं स्वप्न. कवितेतले तीन रंग या क्रमानंच येतात, आणि हिरवा रंग अजून वावरात कुठंच नाही, तो फक्त डोळ्यांत आहे. शंकर-पार्वती म्हणून सुरू झालेली माणसं काट्यापाशी येईतो पुरती माणसं झालेली असतात. त्या पोराला मी हे सांगितलं. त्याला पटलं की नाही, माहीत नाही. त्यानं मान हलवली.

व्यक्तिचित्रण शिकवायला मला या बाईइतकी दुसरी कुणी उपयोगी पडली नाही. ती गोरी की सावळी, वय किती, लुगडं कोणत्या रंगाचं, कवी यातलं काही सांगत नाही. मग ती आपल्याला दिसते कशी? पोरांनी कवितेत शोधलं. तिच्या पोटाशी ओटी बांधलेली आहे. "ओटीत काय?" मी विचारलं. मला ओटी म्हणजे हळदीकुंकवाची ओटी आठवत होती, खण-नारळाची. पोरं हसली. "बी असते मॅडम, ओटीत बी." मी शहरात वाढले, माझ्या वाचण्यात ही ओटी अर्धीच होती. पोरांनी दिलेला अर्थ हाती आला आणि कविता नव्यानं उघडली. पोटाशी ओटी, ओटीत बी. झाडाला झोळी, झोळीत लेकरू. जमिनीत तास, तासात दाणा. धरून ठेवणाऱ्या तीन जागा, आणि तिन्हींकडं एकाच बाईचं लक्ष. हात तासाकडं, कान झोळीकडं. लेकरावरची सावली सरकते आहे आणि तिला जाता येत नाही. तिचं सगळं चित्र या ओढाताणीतून उभं राहतं, त्यासाठी एकही विशेषण खर्ची पडलेलं नाही.

तेव्हापासून माझ्या वर्गात माणसाच्या वर्णनाला विशेषणबंदी आहे. पहिल्या आखणीत प्रेमळ, कष्टाळू, साधाभोळा हे शब्द चालत नाहीत. हातात काय आहे ते लिहा. लक्ष कुठं आहे ते लिहा. कशाबद्दल बोलत नाही ते लिहा; हे शेवटचं सगळ्यांत अवघड जातं आणि सगळ्यांत जास्त देतं. गाडगेबाबा आमच्या जिल्ह्यातले, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले. त्यांच्यावर लिहा म्हटलं की 'थोर समाजसुधारक' इथून सुरुवात व्हायची. बंदीनंतर एका पोरीनं लिहिलं की एक माणूस गावात शिरतो, अंगावर चिंध्या, हातात खराटा, आणि कुणाशी न बोलता झाडायला लागतो. नाव तिनं पाचव्या वाक्यापर्यंत येऊ दिलं नाही. रिद्धपूरच्या महानुभावांनी सातशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं. गोविंदप्रभूंचं चरित्र त्यांनी लहानसहान लीळांतून सांगितलं: कुठं गेले, काय खाल्लं, कुणावर रागावले. थोरवी वाचणाऱ्यानं जोखायची.

मग पोरांना स्वतःच्या जागा निवडायला सांगितल्या. एकानं जागल निवडली, हरभऱ्याच्या वावरातली रात्रीची राखण. दिसण्याचा तास त्याचा रिकामाच राहिला, अंधारात दिसणार काय? तो अडला. मी त्याला ना. घ. देशपांडे यांच्या 'शीळ'बद्दल सांगितलं. मेहकरचे हे कवी, म्हणजे वऱ्हाडातलेच. १९५४ साली निघालेल्या त्यांच्या संग्रहाचं नावही तेच. रानातून एक शीळ जाते आणि ऐकणारीचं मन तिच्या मागं जातं. शीळ घालणारा आपल्याला दिसत नाही, तरी तो पुरता कळतो, कारण ऐकणारीवर त्या आवाजाचा काय परिणाम झाला हे कळतं. पोरगा वही घेऊन गेला. दुसऱ्या दिवशीच्या आखणीत आवाजाचा तास गच्च भरला होता: डबा बडवल्याचा आवाज, रोही धुऱ्यावरून उडी मारतात तो धप्प आवाज, लांबवर कुणाचा तरी खोकला. दिसण्याच्या तासात एकच नोंद होती, आज्याच्या बिडीचा लाल ठिपका. ठिपका वर जातो, लाल होतो, खाली येतो. आजा त्या ठिपक्याएवढाच दिसतो, आणि पुरेसा दिसतो.

इथं बोलीचा प्रश्न आला. 'वावर' लिहू की 'शेत'? 'रोही' की 'नीलगाय'? 'काळी' लिहायचं की आम्ही म्हणतो तसं 'कायी'? शाळेत वर्षानुवर्षं लाल शाईनं या शब्दांखाली रेघा ओढल्या गेल्या, माझ्याही शाईनं. आता माझं मत ठाम आहे. सांगणारा प्रमाण भाषेत सांगो की बोलीत, ते त्याचं त्यानं ठरवावं. पण वस्तूचं नाव ज्या मातीतलं त्याच मातीतलं राहिलं पाहिजे. नाव बदललं की वातावरण उतरतं. 'शेत' म्हटलं की पुस्तकातलं हिरवं चित्र येतं, 'वावर' म्हटलं की पायाला चिखल लागतो. आणि माणूस बोलेल तो त्याच्याच बोलीत बोलेल. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली (१९६०) कौतिक वऱ्हाडीत बोलली नसती तर ती आपल्या इतकी जवळ आली असती का? 'काळ्या'चा आमचा उच्चार 'काया'. प्रमाण भाषेत काया म्हणजे देह. वाघांच्या कवितेत काळी माती आणि देह एकाच शब्दात मिसळतात, आणि हा लाभ फक्त वऱ्हाडी कानाला आहे. आमची पोरं हा कान घेऊन जन्मतात आणि आम्ही तो दुरुस्त करायला बसतो.

मेळघाटात मात्र हे सूत्र जसंच्या तसं चालत नाही. धारणी, चिखलदऱ्याकडच्या कोरकू मुलांच्या घरची भाषा मराठीच्या कुळातलीही नाही, ती मुंडा कुळातली आहे. वऱ्हाडी हीच त्यांना दुसरी भाषा. तिथं सुरुवात त्यांच्या आयांच्या गाण्यांपासून व्हायला हवी, आणि ती गाणी ज्यांना येतात अशा शिक्षकांनी ती करायला हवी.

मुलींसाठी तर आखणीचं भांडार घरातच आहे. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडं भुलाबाई बसते. पोरी घरोघर गाणी म्हणतात, डबा हलवून खाऊ ओळखायला लावतात. त्या गाण्यांत सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू दर वेळी नवं काम पुढं करते. सासू खाष्ट आहे असं गाण्यात कुठंच म्हटलेलं नसतं, कामांची यादी लांबत जाते तशी ती आपोआप कळते. पोरींनी आजवर हे नुसतं गायलं होतं. एकदा वाचलं आणि एकीनं शेजारच्या दुकानदाराचं चित्र त्याच रीतीनं आखलं: उधारी मागायला गेलं की तो दर वेळी काय काय सांगतो, त्याची यादी.

वऱ्हाडाबाहेरची एक कविता मात्र मी दर वर्षी घेते, बालकवींची 'औदुंबर'. बालकवी खानदेशातले, धरणगावचे. १८९० ते १९१८ एवढंच आयुष्य लाभलेले. आठ ओळींची ही कविता कित्येक पिढ्यांनी पाठ केली. तिच्यावर सुखदुःखाच्या, वैराग्याच्या अर्थांचे थर चढले आहेत. मी ते अर्थ बाजूला ठेवते आणि पोरांना पेन्सिल देते: नकाशा काढा. झरा कुठं, बेटं कुठं, टेकडीपलीकडचं चार घरांचं गाव कुठं, शेतं कुठं, वाट कुठून कुठं जाते. तीस पोरांचे तीस नकाशे जवळजवळ सारखे येतात. कवितेची आखणी इतकी पक्की आहे. गाव आहे पण गावातलं माणूस एकही नाही. पांढरी वाट आहे, तिच्यावरून कुणी चालत नाही. चालते ती आपली नजर. निळ्यातून, हिरव्यातून, पांढऱ्या रेघेवरून ती काळ्या डोहापाशी जाते, आणि तिथं, सगळं संपता संपता, पाण्यात पाय सोडून कुणीतरी बसलेलं दिसतं. ते झाड आहे. सात ओळी वाट पाहायला लावून आठवीत त्याला आणलं आहे. पहिल्याच ओळीत औदुंबर आला असता तर तो वनस्पतिशास्त्राचा विषय झाला असता. वाघांच्या कवितेत नजर आभाळातून पायाशी उतरते, बालकवींच्या कवितेत ती आडवी चालत जाते. मुलांना दोन्ही चाली माहीत झाल्या की ती स्वतःच्या गावाचा नकाशा काढतात आणि ठरवतात: मी कुठून निघू, आणि माणूस कोणत्या वळणावर भेटू दे.

दहावीला रसग्रहणाचा प्रश्न असतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन खण, आणि प्रत्येक खणात भरायची वाक्यं बाजारातल्या गाइडांत तयार. त्या प्रश्नाला माझा विरोध नाही, मुलांनी कविता उलगडून पाहावी हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण उलगडलेली कविता तिथंच टाकून मुलं पुढच्या प्रश्नाला जातात. त्याच पेपरात पुढं प्रसंगलेखन येतं, आत्मकथन येतं, आणि मुलांच्या मनात या दोहोंत भिंत असते. कवितेपाशी जे शिकलो ते गद्यात वापरायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. भाषेच्या शिक्षकांना मी एवढंच विनवते: रसग्रहण लिहून झालं की वही मिटू देऊ नका. त्याच पानाखाली मुलाला स्वतःच्या एका जागेची आणि एका माणसाची आखणी करू द्या. निबंध लिहिला नाही तरी चालेल, आखणी पुरे. आणि शक्य असेल तर त्याआधी त्याला शाळेमागच्या धुऱ्यावर दहा मिनिटं नुसतं उभं करा.

मागच्या हंगामात, उलंगवाडीच्या, म्हणजे कापसाचा हंगाम संपण्याच्या, थोडं आधी, एका मुलीनं कापूस वेचणीची आखणी आणून दाखवली. तिची आई रोजमजुरीला वेचायला जाते, पैसे किलोवर मिळतात. रंग तिनं दोनच घेतले होते, पांढरा आणि वाळलेल्या पऱ्हाटीचा. अंगाला लागण्याच्या तासात लिहिलं होतं की बोंडाची टोकं बोटांना ओरबाडतात, संध्याकाळी मीठ-मिरचीला हात लावला की समजतं. आणि मग एक ओळ, जी मला वाघांच्या कवितेवर इतकी वर्षं बोलूनही सुचली नव्हती: पेरताना ओटी रिकामी होत जाते, वेचताना भरत जाते. सकाळी माय हलकी असते, दुपारी तिच्या पोटाशी मोठं ओझं असतं. आई या आखणीत शेवटपर्यंत दिसत नाही. दिसतात ते हात, ओटी, पांढरी रांग. औदुंबरासारखी तिला शेवटच्या नोंदीत आणली आहे. ती नोंद अशी: दिवस बुडतो. मालक काटा लावतो. माय काट्याकडं पाहते, बोलत नाही.

खाली तिनं वजन लिहिलं होतं, किलोत आणि ग्रॅमात.